कव्हरवर नसलेलं गाणं

प्रश्न: ब्रिटिश पंक रॉक बँड क्लॅशच्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमची जुनी एलपी (रेकॉर्ड) घेतली, मागे 18 गाण्यांची नावं आहेत पण वाजतात 19! कॉपी डुप्लिकेट आहे का हो?

उत्तर: नाही हो, उलट जपून ठेवा. ते शेवटचं ‘ट्रेन इन व्हेन’, एका म्युझिक साप्ताहिकासोबत फुकट वाटायचं ठरलेलं, ते फिसकटलं आणि गाणं अल्बममध्ये घेतलं तोवर कव्हर तयार होतं, म्हणून नाव राहून गेलं. रेकॉर्डिंग 1979 मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत झालं, प्रोड्युसर गाय स्टीव्हन्स तर गाणं सुरू असताना खुर्च्या फेकायचा, बँडला पेटवायला, आणि ती आग मला आजही ऐकू येते. कव्हरवर बँडचा पॉल सिमोनन न्यूयॉर्कला स्टेजवर बास गिटार आपटतोय ना, तो फोटो फोकसमध्ये नाही म्हणून फोटोग्राफर पेनी स्मिथलाच नको होता, बरं झालं बँडने ऐकलं नाही. अल्बम 14 डिसेंबर 1979 ला ब्रिटनमध्ये आला, दोन रेकॉर्ड्स पण किंमत एकीची, कारण पोरांच्या खिशाला परवडावं यासाठी बँड कंपनीशी भांडला, मला त्यांचं हेच सगळ्यात जास्त आवडतं.