युरोपात गुन्हा केलेल्या मनोरुग्णाला रुग्णालयात किती काळ ठेवतात?

याचे उत्तर देशागणिक बदलते. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ६३ नुसार मुदत आधी ठरलेली नसते. न्यायालय दरवर्षी फेरविचार करते आणि ६ व १० वर्षांनंतर मुक्काम वाढवण्याचे निकष अधिक कडक होतात. नेदरलँड्समध्ये २ वर्षांनंतर टप्प्याटप्प्याने मुदतवाढ मिळते.

मला सर्वांत धाडसी वाटतो तो इटलीचा मार्ग. तेथे तुरुंगवजा मनोरुग्णालये बंद करून, जेमतेम २० खाटांची आणि आत तुरुंगरक्षक नसलेली निवासी केंद्रे उभारण्यात आली, आणि २०१४ च्या कायद्याने, जन्मठेपेचे गुन्हे वगळता, तेथील मुक्कामाला त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेची मर्यादा घातली. मात्र खाटा अपुऱ्या आहेत. जागा नाही म्हणून एका आजारी तरुणाला तुरुंगातच ठेवल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२२ मध्ये इटलीला दोषी ठरवले.