परक्या शहरात एकट्याचा दिवस : वाचकांचे प्रश्न

अहमदाबादेत यजमानांची दिवसभर मीटिंग आहे. मी सोबत जातेय, पण दिवसभर मोकळी. वय ५२, एकटी कधी फिरलेली नाही. दिवसभराची टॅक्सी करू, की हॉटेलवरच थांबू? (नाशिक)

दोन्ही नको. दिवसभराची टॅक्सी केली की अडालजची विहीर, आश्रम, कांकरिया तलाव असा फेरा होतो आणि निम्मा वेळ सिग्नलला जातो. एकट्या माणसाने एका दिवसात शहराचा एकच तुकडा घ्यावा आणि तो पायी बघावा, या मताचा मी पक्का आहे. तुमच्यासाठी तो तुकडा म्हणजे साबरमतीच्या पूर्वेचं जुनं शहर. २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेलं.

सकाळी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून महापालिकेचा हेरिटेज वॉक निघतो. १९९७ पासून तो चालू आहे. वेळ आणि नोंदणी आदल्या दिवशी बघून ठेवा. पहिल्यांदाच एकट्या निघणाऱ्या बाईला याचा फायदा असा की सुरुवातीचे दोन तास आपसूक सोबत मिळते आणि गल्ल्यांची ओळख होते. पोळ म्हणजे एका दरवाज्याच्या आत नांदणारी वस्ती. लाकडी कोरीव खांब, पाखरांना दाणे टाकायचे उंच चबुतरे, घराच्या पोटात पावसाचं पाणी साठवणारी टाकी. कवी दलपतराम यांच्या घराच्या जागी त्यांचा बसलेला पुतळा आहे. शेवट १४२४ च्या जामा मशिदीत होतो. ओढणी जवळ ठेवा, नमाजाची वेळ टाळा आणि खांबांच्या सावलीत निवांत बसा.

यानंतर तुम्ही खऱ्या अर्थाने एकट्या. माणेक चौकातून भद्रच्या किल्ल्याकडे चालत निघा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहर पेशवे आणि गायकवाड यांच्यात वाटलेलं होतं. किल्ल्यातलं भद्रकालीचं देऊळ मराठ्यांच्याच काळातलं. नमस्कार करून पुढे सिदी सैयदची मशीद. तिथली झाडाच्या फांद्यांची दगडी जाळी बाहेरूनही छान दिसते, पण एका फोटोवर समाधान मानू नका. एकेक फांदी कुठून निघून कुठे वळते, ते डोळ्यांनी शोधा. सोबत कुणी असतं तर "चला आता" म्हणालं असतं. एकटीला तसं म्हणणारं कुणी नाही, हीच चैन. समोरच्या 'लकी' रेस्टॉरंटमध्ये थडग्यांच्या मधे टेबलं मांडलेली आहेत. तिथे चहा आणि मस्काबन घ्या.

दुपारी घीकांटाहून मेट्रो पकडून हॉटेलवर जा आणि झोपा. त्याने दिवस वाया जात नाही. रात्री माणेक चौकात सराफांची दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्या लागतात. तिथे यजमानांना तुम्ही घेऊन जा.

भीतीबद्दल एवढंच सांगतो. वाट चुकली तर ओट्यावर बसलेल्या एखाद्या मावशींना विचारा. आपलं मोडकंतोडकं हिंदी त्यांना कळतं. मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, फोनची बॅटरी संपली तर तोच कामाला येईल.

मुंबईत सकाळी परीक्षा, रात्री सीएसएमटीहून लातूरची गाडी. सोबत मोठी बॅग, खिशात पाचशे रुपये. जुहू आणि वांद्र्याचा सी-लिंक बघता येईल का? (लातूर)

येईल, पण बघू नकोस. संध्याकाळच्या गर्दीत तुला लोकलने उलटं यावं लागेल आणि सगळा वेळ जीव घड्याळात राहील. बॅगेला कुलूप लावून, तिकीट दाखवून ती स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाक आणि दक्षिण मुंबईतच फिर.

आधी स्टेशनकडे पाठ न करता, रस्ता ओलांडून त्याच्याकडेच बघ. १८८८ ची इमारत आहे, तिच्यावर दगडात कोरलेले प्राणीपक्षी शोध. मग फोर्टातून हॉर्निमन सर्कल, एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रवेश फुकट आहे. ओव्हल मैदानाच्या मधोमध उभा राहिलास की पूर्वेला राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशा टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांची आर्ट डेको घरं. मधे पोरं क्रिकेट खेळत असतात. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह. वडापाव आणि एखादी राइसप्लेट धरून तुझे पैसे उरतील. गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर ये, क्लोकरूमला रांग असू शकते.

तिरुचिरापल्लीला मुलीकडे आहे. एक दिवस तंजावरला एकट्याने जायचंय. तमिळ येत नाही, गुडघे दुखतात. जमेल का? (सांगली, वय ६८)

नक्की जमेल आणि जाच! पहाटेच निघा. बृहदीश्वराचं देऊळ दुपारी बंद असतं आणि त्याआधीच अंगणातला दगड तापतो. अनवाणी चालायचं असल्याने जाड मोजे न्या. राजराजा चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ बघून झालं की नैर्ऋत्येच्या भिंतीशी जा. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी १८०३ मध्ये तिथे भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला आहे, मराठीत! तमिळनाडूच्या भर मध्यात, चोळांच्या देवळात तुम्ही शब्द लावत लावत तो वाचाल. अक्षरं जुन्या वळणाची आहेत, घाई करू नका. मुलीच्या घरचे सोबत असते तर एवढा वेळ मिळाला नसता.

दुपारी केळीच्या पानावरचं जेवण. 'मील्स' एवढा एक शब्द पुरतो. मग रिक्षाने राजवाडा. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात जुनी हस्तलिखितं आहेत, शेजारी चोळकालीन ब्राँझ मूर्तींचं दालन आहे. मूर्तींसमोर बसायला मिळालं तर बसा. गुडघ्यांसाठी दोनच ठिकाणं पुरे.

कोलकात्यात माझ्या वाट्याला नेमका सोमवार आलाय. व्हिक्टोरिया आणि इंडियन म्युझियम दोन्ही बंद! (पुणे)

नदीकडे वळा. सकाळी लवकर मलिक घाटाचा फुलबाजार, मग मूर्तिकारांच्या कुमारटुली वस्तीत माती आणि पेंढ्याच्या मूर्ती घडताना बघा. फोटो काढण्याआधी कारागिराला विचारा. तिथून हुगळीवरच्या फेरीबोटीने हावड्याला या, पूल पायी ओलांडा आणि दुपार कॉलेज स्ट्रीटच्या पुस्तकांत घालवा. रविवार असता तर तिथली बहुतेक दुकानं बंद मिळाली असती.