वाचकांचे प्रश्न : चॅट्सवर्थची केळी, पाणी आणि हललेलं गाव

मागच्या अंकात मी इंग्लंडातल्या डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ हाउसवर लिहिलं होतं. डर्वेंट नदीच्या काठी, मागे झाडीचा चढ आणि वर माळ अशा जागी उभं असलेलं हे कॅव्हेंडिश घराण्याचं, म्हणजे डेव्हनशायरच्या ड्यूकांचं घर. भोवती १०५ एकरांची बाग आणि त्याबाहेर सुमारे हजार एकरांचं मोकळं रान. मी शेफिल्डला राहते, त्यामुळे तिथे जाणं-येणं असतंच. त्या लेखावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेते आहे.

ताई, आमची चार एकर केळी आहे, सगळी जी-नाइन. कृषी केंद्रातला मुलगा म्हणतो, ही कॅव्हेंडिश गटातली जात. तुमच्या लेखात ड्यूकचं आडनावही कॅव्हेंडिश. हा योगायोग आहे की काही नातं आहे? – एक शेतकरी, रावेर तालुका

भाऊ, नातं आहे. तुमचं पत्र सगळ्यात आधी घेण्याचं कारणही सांगते. मी यावल तालुक्यातली. आमच्या शेतात बसराई असायची, आणि बसराई म्हणजे बुटकी कॅव्हेंडिशच. ज्या केळीवर माझं शिक्षण झालं तिचं नाव या घरावरून आलं, हे मला इथे येऊन आठ वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं.

गोष्ट सहाव्या ड्यूकच्या वेळची. त्याचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन, बेडफर्डशायरमधल्या एका साध्या शेतकऱ्याचा सातवा मुलगा. १८२६ मध्ये चॅट्सवर्थला रुजू झाला तेव्हा बावीस वर्षांचा होता. पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद होतं म्हणून चढून आत गेला, सगळी बाग फिरून पाहिली, सहा वाजता माणसं कामाला लावली आणि कारंजी सुरू करून बघितली. मग घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंकडे न्याहारीला बसला आणि त्यांच्या भाचीच्या प्रेमात पडला. पुढे तिच्याशीच लग्न केलं. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय.

मॉरिशसहून इंग्लंडात आलेल्या एका बुटक्या केळीचं रोप १८३० च्या आसपास त्याच्या हाती लागलं. ही केळी मूळची दक्षिण चीनकडची. पॅक्स्टननं ती काचघरात लावली, खाली ऊब धरली, चांगली माती, कुजलेलं शेणखत आणि भरपूर पाणी दिलं. तुम्हाला यात नवीन काही वाटणार नाही. पण डर्बीशायरच्या थंडीत हे करायचं म्हणजे रात्रंदिवस शेगडी जागती ठेवायची. १८३५ च्या नोव्हेंबरात केळ निसवली, म्हणजे तिला फूल आलं, आणि पुढच्या मे महिन्यात घडाला शंभरावर केळी धरली. मालकाच्या आडनावावरून तिला ‘म्यूसा कॅव्हेंडिशी’ असं नाव मिळालं. तिथूनच तिची रोपं एका मिशनऱ्यानं सामोआ बेटांवर नेली.

तेव्हा बाजार तिचा नव्हता. जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची दुसरी केळी चालायची. पनामा मर रोगानं तिच्या बागाच्या बागा बसल्या, आणि १९५० नंतर त्या रोगाला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिशनं तिची जागा घेतली. तुमची जी-नाइन, म्हणजे ग्रँड नाइन, याच गटातली. आता मर रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतोय, तेव्हा रोपं घेताना प्रयोगशाळा खात्रीची बघा.

एक मात्र स्पष्ट सांगायला हवं. नाव चॅट्सवर्थचं असलं, तरी आपल्याकडचं प्रत्येक झाड त्या एका काचघरातून आलं असं समजू नका. केळी पिलांवरून, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबांवरून, वाढते आणि पिलं हातोहात जातात. चीनकडून निघालेल्या या केळीच्या वाटा अनेक होत्या.

माझे वडील २००३ मध्ये इथे आले होते. रंगवलेल्या भव्य दालनात ते दोन मिनिटं थांबले असतील. त्या दिवशी काचघर उघडं होतं आणि आत केळी होत्या. तिथे ते अर्धा तास उभे राहिले. बाहेर मे महिन्यात अंगात स्वेटर. त्यांनी खोडावर हात ठेवला आणि विचारलं, “इथे हिला निसवायला किती महिने लागत असतील?” मला उत्तर देता आलं नाही. आज वाटतं, तिथल्या एखाद्या माळ्याला बोलावून दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती.

चॅट्सवर्थचं कारंजं पंपाशिवाय २९६ फूट उडालं, असं आपण लिहिलं आहे. हेड, म्हणजे पाणी उतरतं ती उंची, किती? एवढं पाणी येतं कुठून? – पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता, सातारा

साहेब, घराच्या मागच्या चढाच्या माथ्यावर, सुमारे ३५० फूट उंचीवर, आठ एकरांचं तळं आहे. ते नैसर्गिक नाही. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार म्हणून ड्यूकनं युरोपातलं सर्वांत उंच कारंजं मागितलं आणि पॅक्स्टननं हे तळं खणवलं. माळरानावर पडणारं पाणी अडीच मैलांच्या चरातून आणून तळ्यात सोडलं. तिथून बिडाच्या नळातून ते सरळ खाली कालव्यासारख्या लांब हौदाकडे उतरतं आणि तोटीतून वर उसळतं. तुमच्या भाषेत, ३५० फुटांच्या हेडमधून घर्षणात आणि तोटीत जाईल तेवढं जातं, बाकीचं उंचीत दिसतं. २९६ फूट हा नोंदलेला उच्चांक आहे. रोज एवढं उडत नाही, आणि वारा असला की मुद्दाम कमी ठेवतात.

काम सहा महिन्यांत उरकलं. त्यासाठी रात्री मशालींच्या उजेडातही खणत होते. १८४४ मध्ये कारंजं उडालं. झार काही आला नाही. नाव मात्र ‘एम्परर फाउंटन’ असंच राहिलं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवण झाली ती खणणाऱ्यांची. पाहुण्यासाठी रात्रीची रात्र टिकाव चालवायचा आणि पाहुणा फिरकलाच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

त्याच पाण्यावर १८९३ पासून घराला वीजही मिळत होती. ती जुनी टर्बाइनं १९३६ पर्यंत चालली, आणि १९८८ मध्ये नवं टर्बाइन बसवलं. कारंज्यापेक्षा मला याचं अप्रूप जास्त आहे.

पायऱ्यांचा जो धबधबा आहे तो याहून दीडशे वर्षं जुना, १६९६ मध्ये ग्रिये नावाच्या फ्रेंच माणसानं आखलेला. त्याचे चोवीस टप्पे आहेत, आणि टप्प्यागणिक पायऱ्यांची संख्या आणि रुंदी बदलते, म्हणून पाण्याचा आवाजही बदलतो. डोळे मिटून वरून खाली चालत या, प्रत्येक टप्पा वेगळा बोलतो.

लेक लीड्सला आहे, जूनमध्ये आम्ही जातोय. गुडघे दुखतात. एका दिवसात काय बघू? – एक वाचक, नाशिक

माई, सगळं बघायचा हट्ट धरू नका, तो धडधाकट माणसालाही झेपत नाही. आत लिफ्ट आहे, दारातच सांगून ठेवा.

पेंटेड हॉल वाटेतच लागेल. लुई लागेर नावाच्या चित्रकारानं ज्युलियस सीझरचं आयुष्य भिंतींवर आणि छतावर रंगवलंय. वरच्या मजल्यावर राजेशाही दालनांची रांग आहे. ती पहिल्या ड्यूकनं राजा तिसरा विल्यम आणि राणी मेरी मुक्कामाला येतील म्हणून सजवली होती. तेही आले नाहीत. त्यातल्या संगीताच्या दालनात आतल्या दारावर एक व्हायोलिन टांगलेलं दिसेल. ते व्हायोलिन नाही, चित्र आहे, यान व्हान डर व्हार्टचं. माझ्या मुलीनं लहानपणी ते काढून द्या म्हणून हट्ट धरला होता.

वेळ राखून ठेवा तो मूर्तींच्या दालनासाठी. राफाएल्ले मोंतीनं १८४७ मध्ये घडवलेली, चेहऱ्यावर वस्त्र घेतलेली एक कुमारिका तिथे आहे. अख्खा संगमरवर, पण ओलं तलम पातळ चेहऱ्याला चिकटावं तसं ते वस्त्र दिसतं आणि आतून नाक, ओठ, मिटलेल्या पापण्या जाणवतात. मी दर वेळी बाजूनं जाऊन बघते, दगड कुठे संपतो आणि पदर कुठे सुरू होतो ते. अजून सापडलेलं नाही.

बागेत धबधब्याच्या खालच्या अंगाला बसा. चढ चढू नका. धबधबा गळती लागल्यामुळे मोठ्या दुरुस्तीला घेतलाय, तेव्हा पाणी सुरू आहे का ते लेकीला आधी विचारून घ्यायला सांगा. आणि जून असला तरी शाल न्या.

एवढं वैभव शेवटी आपल्याच देशातून लुटलेलं ना? – निवृत्त बँक अधिकारी, सांगली

आपला प्रश्न रास्त आहे, आणि इथल्या प्रत्येक मोठ्या घरासमोर तो विचारलाच पाहिजे. पण उत्तर घरागणिक वेगळं येतं. ग्लॉस्टरशायरमधलं सेझिनकोट हे घर ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलचं, वर तांब्याचा मुघली घुमट. तिथे ‘हो’ म्हणायला वेळ लागत नाही.

चॅट्सवर्थचा पाया वेगळा आहे. राजा आठव्या हेन्रीनं ख्रिस्ती मठ मोडले, त्या मोडतोडीच्या कामावर विल्यम कॅव्हेंडिश होता, आणि मठांच्या जमिनी त्याच्याही पदरात पडल्या. बायको बेस ऑफ हार्डविकच्या माहेरच्या मुलखात त्यानं १५४९ मध्ये ही जहागीर ६०० पौंडांना घेतली. पुढे डर्बीशायरचं शिसं, एक्टनच्या खाणीतलं तांबं आणि लग्नातून आलेल्या आयर्लंडमधल्या जमिनींचा खंड. म्हणजे घाम बहुतेक इथल्या आणि आयरिश कुळांचा.

हिंदुस्थानातून आलं ते झाडांच्या रूपात. १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला तिकडे पाठवलं. खासी टेकड्यांतून त्यानं ऑर्किडं गोळा केली, आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून ॲम्हर्स्टिया या फुलझाडाचं रोप आणलं. ती झाडं शोधून दाखवणारे खासी वाटाडे कुठल्याच पाटीवर नाहीत. ते असायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

घर अजून त्याच घराण्याचं आहे का, हेही आपण विचारलंय. दहावा ड्यूक १९५० मध्ये वारला. मुलाच्या नावे केलेली मिळकत करमुक्त व्हायला तो आणखी चौदा आठवडे जगायला हवा होता. वारसाकर ८० टक्के. जमिनी विकल्या, चित्रं गेली, बेसनं बांधलेला हार्डविक हॉल सरकारला द्यावा लागला. १९८१ पासून चॅट्सवर्थ एका विश्वस्त संस्थेकडे आहे. कुटुंब आजही तिथे राहतं, संस्थेला भाडं देऊन.

ड्यूकच्या नजरेआड व्हावं म्हणून गाव हलवलं, असं एका वाक्यात लिहून तुम्ही पुढे गेलात. आम्ही कोयनेचे धरणग्रस्त, आता रायगड जिल्ह्यात. त्या माणसांचं काय झालं? – एक वाचक

आपण बरोबर बोललात, एका वाक्यात उरकायला नको होतं.

गावाचं नाव लिहितात एडेन्सॉर, म्हणतात ‘एन्झर’. ते नदीकडे उतरत घरासमोर पसरलेलं होतं. चौथ्या ड्यूकनं १७६० च्या सुमारास केपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराकडून सगळं रान नव्यानं आखून घेतलं. आज जे कुरण आणि विखुरलेली झाडं निसर्गाची वाटतात ती अशी आखलेली आहेत. तेव्हा घरातून दिसणारी गावची घरं पाडायला सुरुवात झाली. उरलेलं काम सहाव्या ड्यूकनं आणि पॅक्स्टननं १८४० च्या आगेमागे पुरं केलं, टेकाडाआड नवं गाव वसवून. नवी घरं सुंदर आहेत, एकासारखं दुसरं नाही. पण राहणारे कूळ होते. जमीन ड्यूकची, घर ड्यूकचं. ‘आम्ही जात नाही’ म्हणायची सोय नव्हती. आपल्याला निदान मोर्चा तरी काढता आला.

जुन्या गावातलं एक घर मात्र रस्त्याच्या अलीकडे, भिंतीनं वेढलेल्या परसात अजून एकटं उभं आहे. ते का राहिलं, याच्या गावात वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

याच डर्वेंट नदीवर, चॅट्सवर्थच्या वरच्या अंगाला लेडीबावर धरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यात डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. २०१८ चा उन्हाळा कोरडा गेला आणि पाणी खाली उतरलं. मी गेले होते. चिखल वाळून भेगाळला होता आणि घरांची जोती उघडी पडली होती. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत एकेका दगडापाशी थांबत होते. मी विचारलं, “तुमचं होतं का इथे?” ते म्हणाले, “आईचं.” मग आम्ही दोघं तिथल्या एका उंबऱ्याशी थोडा वेळ उभे राहिलो.