हिस्टरी शेवटी नको, लगेच लिही
तुझ्या सी प्रोग्रॅममध्ये तू रीडलाईन (टाईप केलेली ओळ वाचणारी लायब्ररी) वापरतोस, आणि हिस्टरी, म्हणजे आधी दिलेल्या कमांडची यादी, फाईलमध्ये लिहिणारं तिचं राईट_हिस्टरी फंक्शन प्रोग्रॅम बंद होताना बोलावतोस. आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. पीसी बंद पडला की दिवसभराच्या कमांड गेल्याच म्हणून समज. शिवाय राईट_हिस्टरी आधीची फाईल पुसून लिहिते, म्हणजे दोन टर्मिनल उघडी असतील तर शेवटी बंद होणाऱ्याचंच टिकतं. त्यापेक्षा ॲड_हिस्टरी (ओळ मेमरीतल्या यादीत घालणारं फंक्शन) झालं की अपेंड_हिस्टरीने तेवढी एकच ओळ फाईलच्या शेवटी जोड. मात्र अपेंड_हिस्टरी नसलेली फाईल तयार करत नाही. म्हणून सुरुवातीला रीड_हिस्टरीने ‘ईनोएंट’ (फाईल सापडली नाही ही एरर) दिलं, तर रिकामी फाईल बनव. पाथमध्ये ‘~’ (होम फोल्डरची खूण) नको, ते शेल (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्रॅम) उलगडतं, सी नाही. गेटएन्व्हने होम फोल्डरचा पाथ काढ. आणि रीडलाईनने दिलेल्या ओळीची मेमरी फ्री कर रे, ॲड_हिस्टरी स्वतःची प्रत ठेवते.