'चर्चची वाढ' की 'मंडळीची वाढ'?

प्रश्न असा: ख्रिस्ती समाज कसा आणि का वाढतो, याचा सांस्कृतिक अंगाने अभ्यास होतो. त्यावर मराठीत लिहिताना 'चर्चची वाढ' म्हणावं की 'मंडळीची वाढ'?

'मंडळीची' लिहा. मराठी कानाला 'चर्च' म्हणजे आधी इमारत. चर्च वाढलं म्हटलं की मागे दोन खोल्या काढल्या असंच वाटतं. बायबलच्या नव्या करारातला ग्रीक शब्द 'एक्लेसिया', म्हणजे जमलेली सभा. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचंही हेच नाव. त्याच करारातल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात प्रेषित पौल प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या एक्लेसियाला सलाम सांगतो. तिथे 'चर्च' घातलं तर घरात इमारत शिरते. मराठी बायबलात तिथे 'मंडळी' आहे आणि ती चपखल बसते. कॅथलिक विषय असेल तर जगभरच्या संस्थेला 'ख्रिस्तसभा' आणि स्थानिक घटकाला 'धर्मग्राम' हे रूढ शब्द वापरा.

खरी गडबड अनुस्वारात होते. 'मंडळीची वाढ' म्हणजे एका उपासक-समुदायाची वाढ. 'मंडळींची' केलंत की ती जमलेली माणसं झाली, लग्नाला आलेल्या मंडळींसारखी. समुदाय अनेक असतील तर 'मंडळ्यांची'. बायबलच्या 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकात सात मंडळ्या आहेत त्या याच. या विषयात हा फरक फार मोलाचा, कारण सगळा अभ्यास मोजणीवर उभा आहे: सभासद वाढले की मंडळ्या वाढल्या?

'वाढ'ही फोडून लिहावी. समजा, २०० जणांची मंडळी दहा वर्षांत ३०० ची झाली. सभासदांच्या घरी ६० मुलं जन्मली, दुसऱ्या मंडळ्यांतून ७० जण आले, २० जणांनी नव्याने श्रद्धा स्वीकारली आणि मृत्यूने वा सोडून गेल्याने ५० कमी झाले. आकडा दीडपट, पण ख्रिस्ती समाजाबाहेरून आलेले फक्त २०! पहिली जन्माने वाढ, तिसरी धर्मांतराने. दुसरीला 'स्थलांतराने वाढ' म्हणतात ते मला पटत नाही. माणूस गाव न सोडताही मंडळी बदलतो. 'मंडळीबदल' स्वच्छ आहे.

सांस्कृतिक अंगाबद्दल एक इशारा. श्रद्धा स्थानिक भाषेत, संगीतात, रीतींत रुजते तिला 'संस्कृतीकरण' म्हणू नका. समाजशास्त्रात तो शब्द एम. एन. श्रीनिवास यांच्या सिद्धांताला वाहिलेला आहे: खालच्या मानलेल्या जातींनी वरच्यांचे आचार उचलणं. इथे 'सांस्कृतिक रुजवण' म्हणावं.

असाच घोळ डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांच्या तत्त्वाच्या भाषांतरात होतो. दमोहला जन्मलेले हे मिशनरी या अभ्यासशाखेचे प्रवर्तक. वंश, भाषा किंवा वर्गाची भिंत ओलांडावी लागली नाही, तर लोक ख्रिस्ती व्हायला अधिक राजी असतात, हे त्यांचं म्हणणं. अशा गटाला 'सजातीय' म्हटलं की वाचक फक्त जात वाचतो. जात त्यात येतेच, पण भाषा आणि वर्गही येतात. म्हणून 'एकजिनसी गट'. या तत्त्वावर मोठी टीका झाली, कारण ख्रिस्तात भेद उरत नाहीत असं पौलच सांगतो. ती टीका समजायलाही शब्द 'जाती'पुरता आक्रसलेला नको.