खुर्ची जुनी आहे की नुसती जुनी दिसतेय?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या महिन्यात एका इस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तिथे) ८५ डॉलरला विंडसर खुर्ची मिळाली, पाठीला नुसत्या काड्याच काड्या, काळा रंग जागोजाग उडालाय आणि खालून हिरवा डोकावतोय. विकणारा म्हणाला २०० वर्षं जुनी आहे. सासूबाई म्हणतात रंग खरवडून मस्त पॉलिश मारा. काय करू? आणि जुनी आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर: अहो आधी तो पॉलिश पेपर खाली ठेवा! सासूबाईंचं सागवानी खुर्चीला ठीक आहे, पण विंडसर रंगवायच्याच हिशेबाने करायचे. १७४० च्या दशकात फिलाडेल्फियात त्या बनायला लागल्या, बैठक पाइन नाहीतर ट्यूलिप पॉपलरची कारण ते मऊ आणि कोरायला सोपं, पाय मेपलचे कारण लेथवर छान कातले जातात, काड्या हिकरीच्या कारण वाकतात पण चटकन मोडत नाहीत, म्हणजे एका खुर्चीत तीन झाडं, रंग नसेल तर गोधडीच दिसायची. आणि सुरुवातीला तो रंग बहुतेक हिरवाच असायचा, त्यामुळे काळ्याखालचा हिरवा वाचून मी तर खुर्चीतच सरसावून बसले. तो खरवडलात की बरीचशी किंमत भुशाबरोबर गेली. शिवाय जुन्या रंगात शिसं असतं, घरात लहान मुलं असतील तर घासूच नका.

आता खुर्ची उलटी करा. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही, म्हणून गोल कातलेला पाय वर्षानुवर्षांनी किंचित अंडाकृती होतो. व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) एकाच जागी आडवं-उभं मोजा, दोन्ही माप तंतोतंत सारखं आलं तर शंका घ्या. झीज पण बघा, बसणाऱ्याचे पाय टेकतात तिथेच हवी, सगळीकडे सारखी नको. बैठकीखाली कारागिराच्या नावाचा छाप डागून उमटवला असेल तर लॉटरीच!

तरी हुरळून जाऊ नका हं. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियमने १९७० मध्ये १७ व्या शतकातली समजून एक ब्रूस्टर खुर्ची (कातलेल्या दांड्यांची जुन्या घडणीची हातांची खुर्ची) ९,००० डॉलरला घेतली, ती निघाली आर्मंड लामाँटेन नावाच्या शिल्पकाराने १९६९ मध्येच बनवलेली, भोकं आधुनिक ड्रिलची होती, एक्स-रेमध्ये दिसली.

तोवर नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा, हीटरपासून लांब ठेवा आणि बैठकीखालचा फोटो पाठवा.