ॲनो १८००: घरं आर्टिझनला चढवली की तिजोरी गळायला का लागते?

ॲनो १८०० या शहर वसवायच्या गेममध्ये लोकांच्या चढत्या पायऱ्या असतात: फार्मर, मग वर्कर, मग आर्टिझन. तुमचं म्हणणं असं की फार्मर आणि वर्करपर्यंत गाडी नीट चालते, पण घरं आर्टिझनला चढवताच शिल्लक लाल होते आणि मालही पुरत नाही. शेजाऱ्यांना किंवा आगीला दोष देण्याआधी घरं किती घाईने चढवली ते बघा. दहापैकी नऊ वेळा दुखणं तिथेच असतं.

फार्मरच्या भरलेल्या घरात १० माणसं असतात, वर्करच्या २०, आर्टिझनच्या ३०. एक फिशरी (मासेमारीचं ठिकाण) फार्मरच्या ८० घरांना पुरते, वर्करच्या मात्र ४० घरांनाच. दारूची भट्टी तशीच, ६० वरून ३० वर येते. घरं तेवढीच, खप मात्र दुप्पट. त्यात प्रत्येक चढवलेल्या घरामागे १० फार्मर कमी होतात. बटाट्याच्या शेताला २० आणि भट्टीला ५० माणसं लागतात, म्हणजे ही एकच जोडी चालवायला सात भरलेली घरं हवीत. फार्मर कमी पडले की एकच शेत थांबत नाही, त्या बेटावरची फार्मरची सगळीच कामं मंदावतात. मग दारू नाही, कपडे नाहीत, लोक पैसे देत नाहीत, आणि कारखान्यांचा खर्च चालूच. म्हणून घरं चार-पाचच्या टप्प्याने चढवा आणि दर वेळी वरच्या पट्टीतला फार्मरचा आकडा बघा. तो उणे दिसला तर आधी नवी फार्मर घरं बांधा.

दुसरी गळती कारखान्यांच्या प्रमाणात असते. पाव घ्या. धान्याचं शेत ६० सेकंदांना एक टन देतं, गिरणीला ३० सेकंद लागतात, बेकरीला ६०. त्यामुळे दोन शेतं, एक गिरणी, दोन बेकऱ्या हे बरोबर बसतं. एक-एक-एक बांधलं तर गिरणी अर्धा वेळ रिकामी बसून पूर्ण खर्च खाते. शेताचे १४४ चौकोन पूर्ण पेरलेले नसतील तर उत्पादन त्याच प्रमाणात कमी येतं, हे बरेच जण विसरतात. पोलादाला एक लोखंडाची खाण, दोन कोळशाच्या भट्ट्या, दोन फर्नेस, तीन स्टीलवर्क्स. साबणाला दोन डुक्करपालन, दोन चरबीचे कारखाने, एक साबण कारखाना.

आर्टिझनला लागणाऱ्या डबाबंद खाण्यात सगळे अडकतात, कारण हे काम संथ आहे. गुरांचा गोठा, लाल मिरचीचं शेत आणि स्वयंपाकघर, तिघांनाही १२० सेकंद लागतात, डबे भरायला ९०. पूर्ण संच म्हणजे ८ गोठे, ८ मिरची, ८ स्वयंपाकघरं, ६ कॅनरी (डबे भरायचे कारखाने) आणि एक लोखंडाची खाण. सुरुवातीला ४-४-४-३ पुरेसं. खाण अर्धा वेळ रिकामी राहील, राहू द्या. खरी किंमत जागेची आहे, त्यामुळे मिरची आणि गोठे सरळ दुसऱ्या बेटावर नेलेले बरे. तिथेही फार्मर लागतातच, कारण माणसं बेटाबेटांत आपोआप फिरत नाहीत.

आर्टिझनसाठी लागणारी रम आणि सुती कापड नव्या जगातून, म्हणजे गेमच्या दुसऱ्या नकाशावरून येतं; पहिला नकाशा ते जुनं जग. रमसाठी दोन ऊसमळे, एक लाकूडतोड्या, दोन भट्ट्या. क्लिपर या मालवाहू जहाजाला चार कप्पे, प्रत्येकात ५० टन. एका कप्प्यात एकच वस्तू बसते आणि जुन्या जगातल्या बेटावरचं गोदाम भरलेलं असेल तर उरलेली रम कप्प्यातच राहते, पुढच्या फेरीला तेवढी जागा अडते. म्हणून रमला एक आणि कापडाला एक कप्पा ठरवून द्या. जाताना जहाज रिकामं नेऊ नका. नव्या जगातल्या ओब्रेरो (तिथले वरच्या पायरीचे कामगार) लोकांना बिअर आणि शिलाई मशीन जुन्या जगातून लागतं, उरलेले कप्पे त्यांना.

हे बसेपर्यंत रोख पैसा हवा असेल तर साबण जास्त बनवा आणि इलाय ब्लीकवर्थ या गेममधल्या तुरुंगवाल्या व्यापाऱ्याला विका. तो साबणाला चांगला भाव देतो आणि कच्चा माल तुमच्याच बेटावर असतो. दोन कप्प्यांचं छोटं जहाज, स्कूनरही या कामाला पुरते. मार्ग आपोआप फिरता ठेवा, पण आधी स्वतःच्या वर्करचा साबण भागतोय ना ते बघा, नाहीतर विकून मिळालेले पैसे घरांच्या घटलेल्या उत्पन्नाची भरपाई करण्यातच जातील.

आत्ताच तिजोरी रिकामी असेल तर कारखाने पाडू नका. पॉज केलेल्या इमारतीचा खर्च शून्य होत नाही, पण कमी होतो, आणि तिथली माणसं दुसऱ्या कामाला सुटतात. आधी गोदामात ढीग साचलेला माल बनवणारे कारखाने पॉज करा, मग न वापरलेली लढाऊ जहाजं विका. कामाचा वेग वाढवायची पट्टी मात्र शेवटी ओढा. उत्पादन वाढतं खरं, पण लोक नाराज होतात, आणि तंगीत आधीच नाराज असलेले लोक संपावर गेले की भोगायला तुम्हीच.